कोळंबीची मिशी

१

घर सोडताना मी "येते" म्हणते. घरात ऐकायला कुणी नसतं, तरी म्हणते. लहानपणी एकदा शाळेला निघताना मी "जाते" म्हणाले होते, तर आईने दारातच ओठांवर चापट मारली होती. जाते म्हणू नये, येते म्हणावं. त्या एका चापटीने ते डोक्यात जेवढं पक्कं बसलं, तेवढं पुढच्या सगळ्या शिक्षणाने मिळूनही काही बसलं नाही.

मी पद्मजा. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या पार्टमध्ये दिवसभर खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. लग्नाच्या वयातही मी खोटच काढत बसले, असं माझा भाऊ ज्ञानेश म्हणतो. तो राजगुरुनगरला मास्तर आहे, त्यामुळे त्याला सगळ्यांचं सगळं कळतं. निगडी प्राधिकरणात दुसऱ्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे. आईवडील गेल्यापासून मी तिथे एकटीच राहते.

आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची. रविवारी जग घरी असतं तेव्हा मी मशीनवरचे पार्ट मोजत असते, आणि गुरुवारी मी घरी असते तेव्हा आमची इमारत रिकामी असते. तळमजल्यावरचे शेखरकाका आणि मी, एवढेच. गुरुवारची दुपार कशी जाते हे ज्याचं त्यालाच माहीत. कुणाच्या घरी कुकरची शिट्टीही होत नाही.

म्हणून मी मासे पाळले. तेही खाऱ्या पाण्यातले, प्रवाळासकट. गोड्या पाण्यातले कुणीही पाळतं. यांना मात्र बादलीत मीठ मोजून समुद्र कालवून द्यावा लागतो, आणि मोजमाप हेच तर मला येतं. टाकी लहानशीच आहे. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यामधल्या ओट्यावर ठेवलेली, दोन्हीकडून दिसेल अशी. त्यात वर्षभर नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशचं एक जोडपं सुखाने नांदत होतं. त्यांचं ते सुख बघून बघून मला वाटायला लागलं की आणखी कुणीतरी हवं.

आकुर्डीच्या एका गल्लीत रणजीतचं माशांचं दुकान आहे. त्याचं मूळ गाव चाकणजवळचं. शेतात आता गोदामं उभी आहेत आणि हा मासे विकतो.

"ताई, तुमची टाकी म्हंजी वन आरके हाय," तो म्हणाला. "त्यात किती जणं ऱ्हाणार? आन कोन कुणाशी जुळंल ते आधी बघाया पायजे. ह्यो डॅमसेल बघा, दिसायला निळाशार, पण गावगुंड. त्यो पिवळा टँग, त्येला मैदान लागतंय. आमचा धंदा म्हंजी वधूवर सूचक मंडळच हाय."

"मग माझ्याकडून काही व्हायचं नाही. त्या मंडळात मी नापास झालेली आहे."

तो हसला. "एक ध्यानात ठिवा. लई दिवस एकटं ऱ्हायलेलं मासं आणू नका. त्येला एकट्याची सवय लागली की मग दुसरं कुणीबी चालत न्हाई."

"माणसांचं बोलतोयस की माशांचं?"

"माशांचं, ताई. माणसांचं आमी कशाला बोलू?"

मग त्याने मला एक बोटभर लांबीचा, वाळूवर टेकून बसलेला मासा दाखवला. गोबी, म्हणाला. मी विचारलं, भाजीतली? त्याला हा विनोद रोज ऐकावा लागत असणार. त्या माशाच्या मागे, दगडाखालच्या बिळात, एक कोळंबी वाळू ढकलत होती.

"ही दोघं संग देतो. कोळंबीला दिसत न्हाई, आंधळीच म्हणा. बीळ ती खणती आन राखण ह्यो करतो. तिची एक मिशी बघा, कायम ह्येच्या पाठीला लागलेली. ह्यो हलला की तिला कळतं. मिशी सुटली तर बिळाबाहेर पाऊल टाकायची न्हाई."

मी वाकून पाहिलं. केसाएवढी बारीक मिशी, माशाच्या पाठीवर टेकलेली. मासा आपला समोर बघत होता. मला त्या दोघांचा हेवा वाटला, आणि माशांचा हेवा वाटावा इतकी माझी गत झाली म्हणून जरा लाजही वाटली.

पिशवी बांधताना रणजीत म्हणाला, "सोडायच्या आधी टाकीतली दगडं हलवा. जुनं जोडपं घर आपलंच समजून बसल्यालं असतंय, नव्याला मारतंय. दगडं हलीवली की जुन्याला बी घर नवं वाटतंय. मग भांडण न्हाई."

२

गुरुवारी दुपारी मी हे सगळं केलं. दगड हलवले, क्लाउनफिश गोंधळून एका कोपऱ्यात गेले, आणि संध्याकाळपर्यंत गोबी-कोळंबीने पुढच्या दगडाखाली संसार मांडला. कोळंबी मधूनच आपली नांगी मिटून "टक्" असा आवाज करायची. एवढ्याशा जिवाचा आवाज हॉलभर ऐकू यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला काच तडकली असंच वाटलं.

मी खुर्ची ओढून टाकीसमोर बसले. कोळंबीने वाळूचा ढीग आणून टाकला, परत गेली, परत आली. मिशी माशावरून एकदाही सुटली नाही.

तेव्हा माझ्या पाठीला काहीतरी लागलं. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, जरा खाली, जिथे आपला हात नीट पोचत नाही तिथे. केस लागावा तसं. माझे केस मानेपर्यंतच आहेत. मी हात मागे नेऊन झटकलं, आणि थोड्या वेळाने ते परत लागलं. कुर्त्याच्या आतलं लेबल असेल म्हणून मी आत जाऊन ते कापून टाकलं. कापताना पाहिलं तर लेबल मानेपाशी होतं, लागत होतं त्याच्या बरंच वर.

दुसऱ्या दिवशी कंपनीत काही जाणवलं नाही. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या, आणि लागलं. कुर्ता दुसरा होता.

नस असेल, असं मी ठरवलं. आमच्याकडे दिवसभर वाकून काम, पाठीच्या तक्रारी सगळ्यांनाच. मी मलम लावलं, उशी बदलली. मलमाने काही फरक पडला नाही. पण खरं सांगायचं तर पाचसहा दिवसांत मला त्याची सवय झाली, आणि सवय झाल्यावर ते बरंही वाटायला लागलं. पोळ्या करताना, कपडे घडी करताना, ते आपलं पाठीवर असायचं. दाबायचं नाही, ओढायचं नाही. मी हलले की तेही हलायचं. मी कुणाला हे सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

३

शेखरकाका सकाळी तळमजल्याच्या कट्ट्यावर खुर्ची टाकून बसतात. पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस, भोंगा नसला तरी भोंग्याच्या वेळेला उठतो. मी जिना उतरून "येते काका" म्हणते आणि ते पेपरातून मान न काढता "ये" म्हणतात. वर्षानुवर्षं एवढंच आमचं बोलणं. पण घरात नाही मिळालं तरी कुणाकडून तरी ते "ये" मिळतं, म्हणून मी त्यांच्यापुढून गेल्याशिवाय राहत नाही.

त्या सकाळी मी "येते काका" म्हणाले आणि ते म्हणाले, "या."

मी थांबले. "काय काका, आज मला एकदम अहो-जाहो?"

"तुला कशाला अहो-जाहो?" ते म्हणाले. "दोघी चाललात म्हणून म्हटलं."

मी मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. खालच्या पायरीवर माझ्याच ओल्या चपलेचा ठसा होता.

"मी एकटीच आहे, काका."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मोतीबिंदू पिकलाय गं. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन कर, मी म्हणतो पुढच्या महिन्यात." मग माझ्याकडे न बघता, माझ्या थोडं मागे बघत ते म्हणाले, "बरं. ये."

बसमध्ये खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं की पाठीला लागतंय. घराबाहेर ते पहिल्यांदाच लागत होतं. तळवड्याच्या चौकापर्यंत ते होतं, मग नव्हतं. माझ्या शेजारच्या सीटवर त्या दिवशी कुणी बसलं नाही. बस मात्र भरलेली होती.

४

त्याच आठवड्यात ज्ञानेशचा फोन आला. त्याच्या मुलीला, पूर्वीला, ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. राजगुरुनगरहून रोज येणं-जाणं अशक्य. "तुझ्याकडे राहिली तर चालेल का गं? तुला अडचण नसेल तर."

अडचण! मी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून चक्क रडले. या घरात दुसरं माणूस जेवायला बसणार होतं. कुणीतरी मला "आत्या, माझा टॉवेल कुठाय" म्हणून ओरडून विचारणार होतं. पूर्वी इथे रमली पाहिजे, टिकली पाहिजे, हॉस्टेलला जाते म्हणता कामा नये, एवढी एकच गोष्ट मला त्या दिवसापासून हवी होती.

रणजीतचा सल्ला मला आठवला आणि हसू आलं. लई दिवस एकटं राहिलेलं मासं ते मीच की. मग मी सुद्धा दगड हलवले. वडिलांच्या खोलीतलं लोखंडी कपाट पॅसेजमध्ये आणलं, दिवाण खिडकीखाली सरकवला, जेवणाचं टेबल भिंतीपासून काढून मधोमध ठेवलं. घर इतकं बदललं की मलाच ते नवं वाटलं. स्वयंपाकघरातून हॉलकडे येताना टेबलाचा कोपरा रोज कमरेला लागायचा.

पुढच्या गुरुवारी दुपारी मी दिवाणावर पेपर वाचत पडले होते. पाठ दिवाणाला टेकलेली, त्यामुळे पाठीला काही लागत नव्हतं. इमारत नेहमीसारखी गप्प होती.

आधी टक् झालं. कोळंबी, मी मनात म्हटलं.

मग ठप्प झालं. टेबलावरचा स्टीलचा पेला किणकिणला.

मी पेपर खाली घेतला. वरच्या मजल्यावर काहीतरी पडलं असेल. पण वरचे लोक सकाळीच कुलूप लावून गेले होते, मी स्वतः पाहिलं होतं. मी कान दिला. टेबलाच्या कडेवरून काहीतरी घासत जात होतं, सावकाश, थांबत थांबत. लाईट गेल्यावर आपण ओट्याची कड चाचपत काडेपेटी शोधतो, तो आवाज. कड संपली तसा आवाज थांबला. नंतर पॅसेजमधल्या लोखंडी कपाटावर बोटं टेकल्यासारखं बारीक वाजलं.

ती माझ्या घरातली जुनी वाट होती. स्वयंपाकघर, मग सरळ पॅसेज, मग हॉल. टेबल आणि कपाट मधे यायच्या आधीची.

मी उठून पाहिलं. टेबल रिकामं, पेला जागेवर. पत्रा उन्हाने ताणला की वाजतो, हे मी आयुष्यभर पत्र्याच्या सहवासात काढल्यामुळे मला माहीत आहे. पेल्याचं काय, ते मी त्या दिवशी स्वतःला विचारलं नाही.

तो आठवडाभर हे ठप्प अधूनमधून होत राहिलं, आणि मग बंद झालं. बंद झालं याचंच मला जास्त भय वाटलं. टेबलाचा कोपरा लागून माझ्या कमरेवर अजून निळे डाग होते. दुसऱ्या कुणीतरी मात्र वाट शिकून घेतली होती.

५

पूर्वी आली आणि मी सगळं विसरले. मुलगी म्हणजे वारं. ओला टॉवेल खुर्चीवर, पुस्तकं दिवाणावर, चार्जर स्वयंपाकघरात. मी रागावायची आणि मनातल्या मनात नाचायची. संध्याकाळी दोघी टाकीपुढे बसून चहा प्यायचो. तिने कोळंबीचं नाव मावशी ठेवलं, कारण कुणाच्या ना कुणाच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय तिला चैन पडत नाही. सकाळी दोघी एकदम उतरलो तर शेखरकाका "या" म्हणायचे, पूर्वी एकटी गेली तर "ये". त्यांचा मोतीबिंदू त्या दिवसांत अगदी शहाण्यासारखा वागत होता.

माझ्या पाठीला आता क्वचितच काही लागायचं. घरात माणूस आल्यावर नसही जागेवर आली, मी म्हटलं. कधी कधी पोळ्या करताना मी जरा थांबायची, लागतंय का बघायची. लागत नसलं की उगाच चुकल्यासारखं व्हायचं.

एका संध्याकाळी पूर्वी अभ्यास करता करता हात मागे नेऊन खांद्यांच्या मध्ये चाचपत होती.

"आत्या, माझ्या पाठीला काही चिकटलंय का गं? बघ ना."

मी तिचा टीशर्ट झटकला. काही नव्हतं. "लेबल असेल," मी म्हणाले.

माझ्या वाढदिवसाला तिने मला न सांगता रणजीतच्या दुकानातून आणखी एक गोबी आणला. रणजीत तेव्हा नव्हता, त्याच्या भावाने दिला. छोटा, चपळ, अंगावर पिवळे ठिपके. तिला काय माहीत की लहान टाकीत एका जातीचे दोन चालत नाहीत? तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला परत कर म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर कोळंबी नव्या माशामागे होती. टाकीच्या दुसऱ्या टोकाला तिने नवं बीळ खणलं होतं आणि मिशी त्या ठिपक्यांवर टेकली होती. जुना गोबी पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या मागे, काचेला तोंड लावून लोंबकळत होता. त्याने दोन दिवस काही खाल्लं नाही.

मी रणजीतला फोन केला.

"तरुण दिसला की ती तिकडं जाती, ताई. त्येची नजर चांगली असती ना. तुमी नवा काढा."

"मग कोळंबी?"

"ती येती की परत जुन्याकडं. आंधळी हाय, सोबत तर लागतीच. नवा निघाला की झालं. जुन्याची सोबत मोडू नये, त्यो मग जगत न्हाई."

हे ऐकून मला बरं वाटलं. माशाबद्दल बरं वाटलं की कशाबद्दल, ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

६

गुरुवार होता. पूर्वीच्या कॉलेजला सुट्टी होती म्हणून ती घरी होती. दुपारचं ऊन गॅलरीतून आत येऊन टाकीच्या पाण्यात पसरलं होतं. मी हॉलच्या बाजूला बसून काचेवरचं शेवाळ खरवडत होते, ती पलीकडे, जेवणाच्या बाजूला वाकून नव्या गोबीचा फोटो काढत होती. पाण्यातून मला तिचा चेहरा दिसत होता, जरा पसरट, हसरा.

"आत्या, हात काढ ना पाठीवरचा," ती म्हणाली. "फोटो हलतोय."

माझ्या एका हातात खरवडणी होती. दुसरा हात काचेवर होता.

क्लाउनफिश पलीकडच्या काचेशी गेले. कुणी खायला घालायला आलं की ते जातात तसे, दोघंही. मी तिथेच पाण्यातून बघत राहिले. पूर्वीच्या खांद्यामागे आणखी एक डोकं वाकलेलं होतं, तिच्याइतकंच खाली, तिच्याच बाजूला कललेलं. पाण्यातून सगळं हलतं, वाकडं दिसतं, हे मला माहीत आहे. पण पूर्वीचा चेहरा जसा पसरट होऊनही चेहराच होता, तसं ते नव्हतं. ते माशांकडे बघत नव्हतं. ज्याने बघावं असं त्याच्याजवळ काही नव्हतंच.

मी टाकीला वळसा घालून पलीकडे धावले. टेबलाचा कोपरा कमरेत बसला. पूर्वी एकटीच फोनमध्ये बघत उभी होती.

"काय झालं? पांढरी पडलीस."

"काही नाही," मी म्हणाले. "चक्कर आली."

तिच्या पाठीवर टीशर्टला एक बारीक सुरकुती पडली होती. मी बघता बघता ती सावकाश सपाट झाली.

७

त्याच संध्याकाळी मी ज्ञानेशला फोन केला. मला एकटीची सवय झालीय, म्हणाले. पोरीचा पसारा मला सोसत नाही, हॉस्टेल कॉलेजच्या जवळही पडेल. तो "बरं" म्हणाला. खरं काय ते मी कसं सांगणार होते? मास्तर माणूस, त्याने मला डॉक्टरकडे नेलं असतं आणि पूर्वीला इथेच ठेवलं असतं, आत्याची काळजी घ्यायला.

नवा काढायचा. जुन्याकडे ते परत येईल. आलं तर येऊ दे, माझी ना नव्हती. माझ्या पाठीला त्याची सवय होती. पोर सुटली म्हणजे झालं.

पूर्वी माझ्याशी बोलायची बंद झाली. टॉवेल दोरीवर, पुस्तकं पिशवीत, चार्जर खिशात. तिने घर इतकं नीट ठेवलं की मला तिच्या पसाऱ्याची आठवण यायची. दोनदा तिच्या दाराशी जाऊन मी परत आले. जेवताना ती हात मागे नेऊन पाठ चाचपायची आणि मी ताटात बघायची.

गुरुवारी ज्ञानेश गाडी घेऊन आला. सामान खाली नेऊन तो गाडीतच बसला, वर आला नाही. पूर्वी चपला घालून उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी आत उभी होते. तिला जवळ घ्यावं असं फार वाटत होतं, पण तिच्या पाठीवरून हात फिरवायची मला भीती वाटत होती.

"नवा मासा देऊन टाक परत," ती म्हणाली. "तुला त्याचीही अडचण होत असेल."

मी तिची राहिलेली पाण्याची बाटली पुढे केली.

"जाते मी," ती म्हणाली.

रागाने म्हणाली, मुद्दाम म्हणाली. आणि मी विचार करायच्या आधीच माझं तोंड बोलून गेलं, माझ्या आईच्या आवाजात.

"जाते म्हणू नये, पूर्वी. येते म्हणावं."

तिचे डोळे भरले. तिने ओठ आवळले, पण आमच्या घरची मुलगी ती. "येते," ती म्हणाली.

"येते."

हे दुसरं माझ्या कानाच्या मागून आलं. फार जवळून. सांगितलं ते ऐकून, नीट शिकून म्हणावं तसं, हळू आणि स्वच्छ.

माझ्या अंगावरून, दाराच्या चौकटीला चाचपत, काहीतरी बाहेर गेलं. चौकटीवर बोटं घासल्याचा तो टेबलाच्या कडेचा आवाज मी ओळखला. पूर्वी जिना उतरायला लागली होती. मधल्या वळणावर तिचा हात सवयीने मागे गेला आणि तिने खांद्यांच्या मध्ये झटकलं.

"पूर्वी, थांब," मी ओरडले. "पूर्वी!"

ती थांबली नाही. इतके दिवस मी तिच्याशी जशी वागले होते, त्यानंतर ती का थांबेल? मी जिन्यात धावले, आणि खालून शेखरकाकांचा आवाज आला. पेपरातून मान न काढता, रोजच्यासारखा.

"या," ते म्हणाले. "या गं दोघी."

गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मी परत वर येऊन गॅलरीत गेले. ज्ञानेश गाडी वळवत होता. पूर्वी मागच्या सीटवर अगदी दाराला चिकटून बसली होती, शेजारच्याला नीट बसता यावं म्हणून आपण सरकतो तशी. मी फोन लावला. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि फोन उलटा ठेवला. गाडी कोपऱ्यावरून वळली.

आत टाकीचा पंप चालू होता. जुना गोबी हीटरमागेच होता. मी खुर्ची ओढून बसले आणि हात मागे नेला, खांद्यांच्या मध्ये, जरा खाली. बराच वेळ तसाच धरून ठेवला. तिथे काही लागत नव्हतं.